सुलीचा शब्द

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर वडूजकडच्या एका घरात या. बाहेर बाहत्तर सालचा उन्हाळा तापला आहे, आत दुपारची पानं वाढली आहेत... आणि या घरची सून, हरणाबाई, आपलं ताट घेऊन एकटीच गोठ्याच्या पायरीवर बसली आहे.

सासूचा, बयाबाईचा, तसा हुकूमच होता. आपल्याकडे घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मागे राहणारे त्याला ‘या’ म्हणतात. पण बयाबाईचा लेक, हरणाबाईचा नवरा जोतिबा, रणगाड्यावरचा दफेदार, आदल्या हिवाळ्यात लढाईला निघाला, आणि त्याच्या हातावर दही घालायला बयाबाई आतून येते तोच दारातून शब्द आला, “जावा.”

“कोण म्हटलं त्ये?”

सहा वर्षांच्या लेकीला, सुलीला, पदराआड ओढत हरणाबाई म्हणाली, “मीच.”

जोतिबा परतला नाही. “‘जावा’ म्हणणारीनं पायरीवरच जेवायचं,” म्हणत बयाबाईनं सुनेला पंगतीतून उठवलं, आणि हरणाबाईनं ते मुकाट्यानं सोसलं. बापाला आपणच घालवलं, हा काटा त्या कोवळ्या काळजात जन्मभर नको... सुली तर ते केव्हाच विसरून गेली होती.

आज पाहुणा आला होता. विट्याकडचा ज्ञानू, जोतिबाच्या रणगाड्यावरचा तोफची. भाजलेल्या बोटांनी भाकरी मोडता मोडता त्यानं विचारलं, “वैनी तिकडं का?”

“तिला तितंच ग्वाड लागतं,” शेजारी बसलेल्या सुलीला भाकरी वाढत बयाबाई म्हणाली. “तू माझ्या लेकाचं सांग.”

ज्ञानूनं घास खाली ठेवला. “कालव्याचा बांध धरायचा व्हता, आई. आमच्या गाड्याची साखळी तुटली. वायरलेसवर हुकूम आला, गाडा सोडा, मागं या. दफेदार म्हणाले, साखळी तुटलीय, तोफ न्हाई. मागं खंदकात आपलं पायदळ व्हतं, त्यास्नी सोडून कसं हलायचं? मग गाड्यानं पेट घेतला. आमा तिघांना त्यांनी वरच्या झाकणातनं भाईर ढकललं, अन् सोता तोफंवर बसले. समोरचे तीन गाडे अडवले... बांध गेला न्हाई.”

“शेवटी काय बोलला?”

ज्ञानूच्या ओल्या डोळ्यांत हसू आलं. “ढकलताना म्हणाले, ‘जावा रं, लवकर जावा, म्हंजी लवकर याल. निघताना माझी सुली मला आसंच म्हणाली.’”

हरणाबाईच्या हातातलं ताट कलंडलं. “न्हाई, आत्याबाई, मीच म्हटलं व्हतं,” ती घाईघाईनं म्हणाली. “पोरीला काय कळतंय?”

बयाबाई उठली. भिंतीला धरत पायरीपर्यंत गेली, सुनेचा हात तिनं छातीशी धरला. “इतकं म्हैनं तू माझ्या पोरीपायी... आत चल, हरणे. मला म्हातारीला पदरात घे.” दोघींनी गळ्यात गळा घातला, आणि किती दिवसांचे दाबलेले हुंदके फुटले.

“त्या शब्दानंच आमी तिघं जगलो, बाळ,” ज्ञानू सुलीला सांगत होता.

पण सुलीला ते ऐकू गेलं नाही. ती आजीच्या पानाशेजारून उठली, आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं, रडणाऱ्या दोघींना वळसा घालून गेली, आणि आई उठली होती त्या पायरीवर जाऊन बसली.