कानातले सर

मंगळवारी सकाळी सात वाजता पंचगंगा फुटबॉल क्लबच्या मैदानावर सराव सुरू झाला, तेव्हा विठ्ठल खराडे सरांचा आवाज नेहमीसारखाच घुमला.

"अरे, तुम्ही चेंडू पळवताय, का चेंडू तुम्हाला पळवतोय?"

खेळाडू हसले आणि त्यांचा वेगही वाढला. फरक एवढाच, की खराडे सर मैदानावर नव्हते. आदल्या रविवारीच एकोणीस वर्षांचं प्रशिक्षकपद सोडून ते कोल्हापुरातून गडहिंग्लजला आपल्या घरी निघून गेले होते.

आवाज येत होता खांबावरच्या स्पीकरमधून. क्लबने तीन वर्षांपूर्वी एक यंत्रमन बनवून घेतलं होतं. सरांचा प्रत्येक निर्णय, ड्रेसिंग रूममधलं प्रत्येक बोलणं, खेळाडूंच्या छातीवरच्या पट्ट्यांनी मोजलेला दम आणि वेग, हे सगळं त्याला शिकवलं जायचं. अमुक क्षणी सर काय करतील, ते यंत्र सरांच्याच आवाजात सांगायचं. सामन्यात प्रशिक्षकाने ते कानात घालायला लीगची परवानगी होती. खेळाडूंनी त्याचं नाव ठेवलं होतं, 'कानातले सर'.

सराव संपल्यावर अध्यक्ष शिरोळकरांनी मुक्ता माळवदेला बोलावून घेतलं. अकरा वर्षं ती सरांची सहायक होती.

"मुख्य प्रशिक्षक आता तुम्हीच, मुक्ताताई. पण यंत्र कानात राहील. लोकांना खराडे हवेत."

"मग मी कशाला?"

"खेळाडूंसमोर कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना."

"राहते की उभी," मुक्ता म्हणाली. शब्द झोंबले होते, पण ती डगमगली नव्हती. कुठल्या खेळाडूचा कुठला गुडघा कधी दुखतो, कोण ओरडल्यावर खेळतो आणि कोण ओरडल्यावर मिटतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. खटकत होती ती एकच गोष्ट. संघ गुणतक्त्यात दुसरा, प्रकृती धडधाकट, आणि सर भर हंगामात का गेले?

बुधवारी ती गाडी काढून गडहिंग्लजला गेली. सर परसात मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते.

"तब्येत ठणठणीत आहे," तिने विचारायच्या आधीच ते म्हणाले.

"मग मधेच का सोडलंत, सर?"

त्यांनी नळ बंद केला. "मी काही सांगायला तोंड उघडावं, तर यंत्र तेच कानात बोलून मोकळं झालेलं असायचं. आधी मजा वाटली. मग ते काय म्हणतंय याचीच वाट बघायला लागलो. मैदानाकडं बघणंच सुटलं. दिवाळीनंतरच्या सात सामन्यांत एकही निर्णय माझा नव्हता, पोरी. आणि ते सगळे निर्णय 'खराड्यांचे' म्हणून यंत्र पुन्हा शिकलं."

मुक्ताने ते सामने मनात मोजले. त्या सातांपैकी पाच सामने संघाने जिंकले होते, आणि त्या सातही सामन्यांत ती सरांच्या शेजारी बसलेली होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं.

"मग मी ते कानातून काढू?"

"ते मला विचारू नकोस. हेही मीच सांगायचं, तर मी गेलो कशाला?"

रविवारी दुपारी गोव्याच्या संघाशी सामना होता. स्टेडियम भरलेलं. मुक्ताने यंत्र कानात घातलं. पूर्वार्धात त्याने सांगितलेल्या तीन गोष्टी तिला पटल्या, त्या तिने केल्या. बाकीच्या सोडून दिल्या. तरीही उत्तरार्धात गोव्याने गोल केला आणि मैदान चिडीचूप झालं.

सत्तराव्या मिनिटाला कानात आवाज आला, "मुक्ता, केदारला बाहेर काढ. दम संपलाय त्याचा."

केदार जगदाळे कर्णधार होता, वय चौतीस. हातातल्या पडद्यावरचे आकडेही तेच सांगत होते. मुक्ताने पडदा खाली ठेवला आणि मैदानाकडे पाहिलं. गोव्याचा उजवा बचावपटू उजव्या पायावर भार टाकत नव्हता. लंगडणं लपवत होता तो. केदारच्याही ते लक्षात आलं होतं. स्वतः न धावता तो एकेक चेंडू नेमका त्याच बाजूला पाठवत होता.

"केदारला काढ," आवाज पुन्हा म्हणाला. अगदी सरांसारखा, जरा वैतागून.

"नाही, सर," मुक्ता मोठ्यांदा म्हणाली. शेजारी बसलेले दोघे तिच्याकडे बघायला लागले.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला केदारचा पास त्या लंगड्या बाजूने आत गेला आणि पंचगंगेने बरोबरी साधली. स्टेडियम दणाणून उठलं. पाच मिनिटांनी केदार मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसला. सहा आठवडे मैदानाबाहेर, डॉक्टर म्हणाले. ड्रेसिंग रूममध्ये मुक्ता त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तुला ठेवलं ते मी. यंत्राने काढायला सांगितलं होतं."

"काढलं असतंत तर तुमच्याशी बोललो नसतो, ताई," बर्फाची पिशवी दाबत केदार म्हणाला.

बाहेर यंत्रमन सांभाळणारा फैयाज मुजावर तिची वाट बघत थांबला होता. "ताई, आज तुम्ही अकरा वेळा त्याचं ऐकलं नाही. अध्यक्ष म्हणतात, त्याला आता तुमच्याकडूनच शिकू दे. या अर्जावर सही लागेल."

"शिकव. पण सामना चालू असताना मला माझाच आवाज कानात नको. चुकले कुठं, ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. आजची केदारची मांडी पहिली नोंदव."

फैयाजने तसं लिहून घेतलं. मग अर्जावरच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "आणि हे? तुम्ही गेल्यावर, तुमच्या जागी जो कुणी येईल, त्याच्या कानात हे घालायचं का?"

मुक्ताने पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. तिच्या जागी येणारा तो माणूस आज कुठल्या तरी मैदानावर असेल, आपल्याच डोळ्यांनी खेळ बघत. त्याच्या वतीने 'हो' म्हणायचा अधिकार तिला होता का? आणि 'नाही' म्हणायचा?