बेचाळीस सेकंद

तलवाड्याहून आलेल्या त्या कॉलला पाचपैकी एक पॉइंट आठ गुण पडले, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

गेवराईच्या हायवेला, टायरच्या दुकानावरच्या माडीत, शेळ्यामेंढ्यांच्या दुखण्यावर सल्ला देणारी एक कंपनी होती. लोकांनी अ‍ॅपवरून इंटरनेटचा फोन लावायचा, डॉक्टरांनी औषध सांगायचं. मोहिनी डॉक्टर नव्हती. ती फोनचीच नाडी बघायची. आवाजाचे किती तुकडे निघाले, किती वाटेत हरवले, किती उशिरा पोचले, याचे आकडे कॉल संपताच तिच्यासमोर येत. गिऱ्हाइकाला किती स्वच्छ ऐकू आलं त्यावरून गुण ठरत. गुण दोनच्या खाली गेले, की तिनं स्वतः फोन करून विचारपूस करायची, अशी तिथली रीत होती.

"हरिओम धुळाजी बोलताय का? मघाशी डॉक्टरांचा आवाज नीट आला का तुम्हाला?"

"डॉक्टरचा न्हाई आला. तुमचा येतोय… तुटत तुटत."

"मग मेंढीला काय दिलं?"

"काय देणार? तिलाच म्हणलं, बाई, तूच काय ते समजून घे."

मोहिनीला हसू आवरेना. "उभे कुठं आहात तुम्ही?"

"बाभळीखाली."

"तिथं जिटर फार आहे."

"चावतं का ते?"

"चावत नाही. आवाजाचे तुकडे मागंपुढं पोचतात, म्हणून आवाज थरथरतो."

"बरं… पर मपला आवाज थरथरतोय, तो जिटरनंच कशावरून?"

मोहिनीनं त्याला उंचावर कुठंतरी जाऊन उभं राहायला सांगितलं. तो गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीचा जिना चढला, आणि आवाज असा लख्ख आला, की मागच्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटाही तिला मोजता आल्या असत्या.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा एक पॉइंट सात. मग एक पॉइंट नऊ.

"टाकी सोडून पुन्हा बाभळीखाली कावून गेला होता?" चिडल्यावर तिची शहरी भाषा गळून पडायची.

"तुमीच सांगितलंय, टाकीवरून डॉक्टरला फोन केला, तर गुण चांगले पडत्यात. मग तुमी कशाला फोन करताल?"

म्हणजे हा पठ्ठ्या बाभळीखाली जाऊन मुद्दाम नापास होत होता, आणि तिचा फोन घ्यायला धावत टाकीवर चढत होता. मोहिनीनं लटक्या रागानं फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत गालातल्या गालात हसत राहिली. तिचा स्वतःचा फोन घरी सगळ्यांच्या हातात असायचा. त्यामुळे नंबर द्यायची सोय नव्हती. बाभूळ आणि टाकी, एवढीच त्यांची वाट होती. त्या वाटेनं हुरड्याच्या गोष्टी झाल्या, आजारी कोकराच्या झाल्या… आणि मग नुसतं "जेवलात का" विचारायलाही दिवस पुरेनासा झाला.

मग पाटोद्याचं स्थळ आलं. मुलगा रविराज, घरची जमीन, घराणं तालेवार. मोहिनीचे वडील, बद्रीनाथ नाना, गावपुढारी माणूस. त्यांनी रविवार पक्का करून टाकला.

गुरुवारी दुपारी तिनं सगळा धीर गोळा केला. "हरिओम… रविवारी मला बघायला पाहुणे येतायत. त्याआधी येऊन नानांना विचाराल का?"

पलीकडं शांतता.

हॅलो म्हणायला तिची जीभ रेटेना. असं काही विचारून वर हॅलो कोण म्हणेल? ती नुसती थांबून राहिली. मग तिनं फोन ठेवला आणि आकडे उघडले. जाणारा आवाज: एकही तुकडा हरवला नाही. गुण चार पॉइंट चार. तिचा शब्दन् शब्द त्याच्या कानात पडला होता.

प्रत्येक कॉलचे दोन तक्ते असतात, जाणाऱ्या आवाजाचा आणि येणाऱ्या आवाजाचा. दुसरा तक्ता खालीच होता, पण तिथवर ती गेलीच नाही. मेंढपाळाचं पोर नानांच्या दारात यायला कचरणारच, असं तिच्या मनानं आधीच ठरवून टाकलं होतं. पुढच्या दोन दिवसांत त्याचे दोन कॉल आले, दोन्ही नापास. तिनं ते शेजारच्या टेबलावर ढकलले. रविवारी पोहे झाले, महिन्याभरात पत्रिका छापून आल्या.

लग्नाला चार दिवस उरले होते. कामाचा शेवटचा दिवस होता, आणि तिच्या जागी आलेल्या धनश्रीला ती जुने कॉल उघडून शिकवत होती.

"ताई, हा बघा," धनश्री म्हणाली. "जाणारा आवाज झकास आहे. पण खाली येणारा बघा. शेवटच्या बेचाळीस सेकंदांत एकवीसशे तुकडे निघाले, आणि आपल्याकडं पोचले अकरा."

मोहिनीनं तारीख बघितली. तो गुरुवार.

"तुम्ही म्हणालात ना, माणूस गप्प असला की त्याचा फोन तुकडे पाठवतच नाही," धनश्री पुढं म्हणाली. "म्हणजे हा सगळा वेळ बोलत होता की."

मोहिनीनं तिला चहा सांगायला खाली पिटाळलं आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली, मग त्याचा धापा टाकणारा आवाज आला. तो टाकीवर चढला होता.

"हरिओम, त्या दिवशी तुम्ही काय बोलला होता? मला काहीच ऐकू आलं न्हाई. एक शब्द न्हाई."

तो गप्प झाला. या वेळी तिनं हॅलो म्हटलं.

"हाय… ऐकतोय," तो म्हणाला. "येतो म्हणलतो. शनिवारीच येतो, आबाला घिऊन. नानांनी अंगणातून उठवलं तरी उठत न्हाई, म्हणलतो. अजून बी लई काय काय… मग तुमी फोन ठिवला. मला वाटलं, मपलं मन बघत व्हता नुस्तं."

"मग परत…"

"दोनदा बाभळीखाली जाऊन उभा राह्यलो. दुसऱ्याच बाईंचा फोन आला. आवाज चांगला हाय म्हणलं आन ठिवला."

मोहिनीनं डोळे गच्च मिटले. बाभूळही तिनंच दुसऱ्याच्या हवाली केली होती.

"अजून चार दिवस आहेत," ती कसंबसं म्हणाली.

"मपला साखरपुडा झालाय, मोहिनीबाई. परवाच. पोरगी लई साधी हाय… तिचा काय गुन्हा?"

काहीच गुन्हा नव्हता. पलीकडं मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या, खूप जवळ.

"ठेवू?" तिनं विचारलं.

"ठिवा. आज लई साफ येतोय तुमचा आवाज."

धनश्री चहा घेऊन आली तेव्हा मोहिनी ओढणीनं डोळे पुसत होती. पडद्यावर आकडे आले होते. या खेपेला तिनं दोन्ही तक्ते बघितले. दोन्हीकडं चार पॉइंट चार. इतक्या चांगल्या कॉलला परत फोन करायचा नसतो, हे तिनंच सकाळी धनश्रीला शिकवलं होतं.