ढिली दोरी

आमच्या नातीने, खारूने, तीन आठवडे घरातलं एकही दार लावू दिलं नव्हतं. न्हाणीघराचंसुद्धा. कारण मीच. तिला मी एक जुना कृष्णधवल भयपट दाखवला होता, चार खोल्यांत, उसन्या कॅमेऱ्यावर उरकलेला. त्यात रिकाम्या खोलीचं बंद दार आपोआप उघडतं, एवढंच काय ते भूत. शाळेतही वर्गाचं दार लागलं की ती रडायला लागली, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, गाठ तुम्ही मारलीत, आता सोडवाही तुम्हीच."

मी जन्मभर मुलांना गणित शिकवलं. भीतीचंही तसंच असतं, पायऱ्या मांडल्या की सुटते. रविवारी सकाळी वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे पडत्या. चित्रपट थांबवत थांबवत पुन्हा बघायला बसलो.

उजवी बाजू भराभर भरली. डॉक्टरांची मिशी मध्येच गालाकडे सरकते. नायक टेकला की भिंत हलते. तीन वेगवेगळ्या घरांना जिना मात्र एकच. नायिका बेशुद्ध पडण्याआधी मागे गादी आहे ना ते बघून घेते. खारू इतकी हसली की सून स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

मग डावी बाजू. दिवे दोनच होते, म्हणून कोपरे काळे राहिले, आणि तेच अंगावर येतात. वादक परवडले नाहीत, म्हणून शांतता. भुताला पोशाख परवडला नाही, म्हणून ते दिसत नाही. कधीकधी गरिबीच शहाणपण शिकवते, असं मी तिला सांगितलं. तिने ते अक्षर वळवून लिहून घेतलं.

राहिलं दार. इथे हुकमाचं पान माझ्या हातात होतं. दिग्दर्शक माझा वर्गमित्र. त्याने सगळी फुकटची माणसं गोळा केली होती, त्यातलाच मी. त्या बिनखिडकीच्या खोलीत एकटा स्टुलावर बसून, कडीला बांधलेली दोरी ओढून दार आत घ्यायचं, हे माझं काम. ही हकिकत मी आजवर चारचौघांत रंगवून सांगत आलो आहे.

"आता दोरी शोध," मी म्हटलं आणि एकेक चित्र पुढे सरकवू लागलो. दार किलकिलं झालं. फटीत दोरी दिसली. खारूने पडद्याला नाक लावलं.

"आजोबा, ही तर ढिली आहे."

होती. कडीपासून जमिनीपर्यंत नुसती लोंबत होती. दार हातभर आत गेलं तरी तशीच. बाहेरूनही दाराला कुणाचा हात लागलेला नव्हता.

मला आठवत होतं. दोरी खाली ठेवून मी चपलेचा पट्टा लावत होतो. मान वर केली तेव्हा उजेड आत आलेला होता. बाहेरून कुणीतरी ढकललं असेल, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"तुम्हीच उघडलंत ना?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम. पण तीन आठवड्यांची रड डोळ्यांसमोर होती.

"हो. मीच."

उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलाकडे मी जसा बघायचो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"असू दे, आजोबा. तुम्ही वाकला होतात. हात मोकळे नव्हते, म्हणून त्याने उघडलं."

वाकल्याचं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

तिने 'दार' हा शब्द डावीकडे लिहिला आणि वही मिटली.

दुपारी तिने घरातली सगळी दारं आपल्या हाताने लावली. सुनेचे डोळे भरून आले. ती माझ्यासमोर बसून कपड्यांच्या घड्या घालू लागली. घरात आम्ही तिघंच.

खारू दोन्ही हातांत पुस्तकांची चळत घेऊन आली आणि तिच्या खोलीच्या बंद दारासमोर थांबली. मी उठू लागलो.

"बसा तुम्ही," ती म्हणाली.

आणि शांतपणे वाट बघत उभी राहिली.

आतली कडी सरकली.