टिकली वाचत नाही

“हात जरा वर करा,” तो म्हणाला, आणि तिने मुकाट्याने हात वर केले.

खरं तर कुणी सांगितलं म्हणून लगेच ऐकणाऱ्यांतली ती नव्हतीच. ऑफिसात तिच्याशी वाद घालायचा तर साहेबसुद्धा आधी पाणी पिऊन यायचे. पण नाट्यगृहाच्या मागच्या दाराने शिरून, अरुंद जिने चढून ती कपडेपटाच्या खोलीपाशी पोचली तेव्हा तिला चांगलीच धाप लागली होती. आणि समोरचा माणूस तिच्याकडे बघतच नव्हता... म्हणजे बघत होता, पण खांदे, बाह्या आणि उंची, एवढंच. ओठांत टाचण्या, हातात मोजपट्टी, केसांत कुठूनसा अडकलेला लाल दोरा.

“खांदा लहान आहे,” तो टाचण्यांच्या फटीतून पुटपुटला. “शिपायांच्या रांगेत शेवटी उभं करावं लागेल तुम्हाला. भाला पेलेल ना?”

“पेलेल,” ती म्हणाली. “पण मी अ‍ॅपच्या कामासाठी आले होते.”

मोजपट्टी तिच्या मनगटापाशी थबकली. त्याने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. तोवर त्याचे कान लाल झाले होते.

“म्हणजे तुम्ही शिपाई नाही?”

“अजून तरी नाही.”

मागून कुणीतरी खो-खो हसलं. कपड्यांच्या रांगेआडून एक म्हातारे गृहस्थ इस्त्री हातात घेऊनच बाहेर आले. “भाचेबुवा, आल्या पावली माणूस कामाला लावलंत,” ते म्हणाले. “बसा हो बाई. याला माणूस दिसत नाही, मापं दिसतात.”

हे मामा. कपडेपट त्यांच्याच हातात वाढलेला. सगळं नाट्यगृह त्यांना मामा म्हणायचं, त्यामुळे त्यांच्या हाताखाली शिवणकाम शिकून आता अर्धं काम उचलणाऱ्या या सख्ख्या भाच्याला सगळं नाट्यगृह भाचेबुवाच म्हणायचं. आणि ती मोबाइलची अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. कपडेपटासाठी तिच्या कंपनीने आधीच एक अ‍ॅप करून दिलं होतं. त्यात प्रत्येक पोशाखाचा फोटो होता, माप होतं. पण शेकडो फोटोंतून हवा तो शोधेपर्यंत नाटकाचा अंक संपायचा. म्हणून नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंनी आता नवं काम सांगितलं होतं : प्रत्येक पोशाखात एक टॅग शिवायचा. फोन नुसता जवळ नेला की अ‍ॅपने सांगायचं, हा कपडा कुठला, कुणाचा, कुठे ठेवायचा.

तिने पिशवीतून एक टॅग काढून त्याच्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा, गोल, चपटा.

“ही तर टिकली,” मामा म्हणाले. आणि त्या दिवसापासून टॅगला टॅग कुणी म्हटलंच नाही.

“याला बॅटरी कुठून घालायची?” भाचेबुवाने टिकली उलटीसुलटी करून पाहिली.

“बॅटरी नसतेच. फोन जवळ आला की फोनच्याच जोरावर ती जागी होते, आपला नंबर सांगते आणि परत झोपते.”

“कुणी जवळ आल्याशिवाय बोलतच नाही म्हणा की.”

“नाही.”

“गुणी आहे,” तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच, मापं सोडून, त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा येऊ लागली, मग तीनदा. काम होतंच तेवढं. टिकली वाचायची सोय अ‍ॅपमध्ये घालणं हे कागदावर सोपं होतं. खोलीत आल्यावर मात्र एकेक फाटे फुटायला लागले. कुणाच्या फोनचा वाचायचा भाग पाठीवर मधोमध, तर कुणाच्या अगदी वरच्या कडेला. मामा फोन कपड्यावर इस्त्रीसारखा फिरवायचे. सेनापतीच्या कोटातली टिकली तर काही केल्या वाचेना. तिने अ‍ॅप तपासलं, फोन बदलला, टिकली बदलली. शेवटी दोघं कोट मांडीवर पसरून जमिनीवर बसले.

“छातीवर हे भरतकाम कशाचं?” तिने विचारलं.

“खऱ्या तारेचं. धातूची तार आहे.”

“अहो, मग कशी वाचेल? धातू मध्ये आला की तिला फोनचं काही ऐकूच येत नाही. आधी सांगायचं ना.”

“तुम्ही आधी विचारलं नाहीत.” तो हसत होता. “मला वाटलं, तुम्हाला सगळंच माहीत असतं.”

“मला सगळं माहीत असतं. फक्त कपड्यातलं कळत नाही.”

“ते दिसतंच आहे,” तो तिच्या कुडत्याच्या उसवलेल्या बाहीकडे बघत म्हणाला. तिने बाही झाकायचा प्रयत्न केला, तर म्हणाला, “हात द्या इकडे.” आणि बोलता बोलता, तिच्या अंगावरच, सात-आठ टाक्यांत बाही शिवून टाकली. शेवटी दोरा तोडायला तो खाली वाकला, आणि तिच्या मनगटाला त्याचा श्वास लागला... क्षणभरच. सेनापतीच्या कोटाचं काय करायचं ठरलं होतं, ते तिला नंतर दोनदा विचारावं लागलं.

(टिकली आतल्या खिशाच्या अस्तरात शिवायची, असं ठरलं होतं.)

घरी आई म्हणाली, “हल्ली तू कपड्यांविषयी फार बोलतेस. जन्मात कधी कपाट आवरलं नाहीस.”

“कामाचं बोलतेय गं.”

“काम उंच आहे की बुटकं?” आईने विचारलं, आणि ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेली.

असं सगळं सुतासारखं सरळ चाललं असताना घोटाळा झाला तो व्यवस्थापक बाईंना काम दाखवण्याच्या दिवशी. सगळं बिनचूक चाललं. फोन नेला, टिकली बोलली, पडद्यावर माहिती आली. बाई खूश. म्हणाल्या, “म्हणजे उद्या इथे कुणी नवं माणूस आणलं तरी काम अडणार नाही?”

“अजिबात नाही,” ती उत्साहाच्या भरात म्हणाली. “कुणीही चालेल. सगळं अ‍ॅपमध्ये आहे. माणसाने डोक्यात काही ठेवायची गरजच नाही.”

पलीकडे मामांची इस्त्री थांबली. त्यांनी ती उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि “जरा चहा घेऊन येतो,” म्हणून खाली गेले. ते त्या दिवशी परत आलेच नाहीत.

बाई गेल्यावर भाचेबुवाने कात्री उचलली. मग कातरकाम करता करता, मान वर न करता म्हणाला, “तुमचं काम चोख आहे. पण मामा वर्षभरापासून विसरायला लागलेत.”

तिला एकदम आठवलं. हिरवा झगा आणायला निघालेले मामा भलत्याच कपाटापाशी जाऊन उभे राहायचे. मग हा हळूच जाऊन योग्य कपाट उघडायचा, आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात झगा मामांच्या हातात द्यायचा. तिने ते कितीदा पाहिलं होतं. तिला ती दोघांची सवय वाटली होती.

“त्यांनाही कळतं ते,” तो म्हणाला. “आता तुमची गरज नाही, असं कुणीतरी म्हणेल याची त्यांना रोज धास्ती असते. आज तुम्ही म्हणालात.”

तिने आपली पिशवी उचलली. जिना उतरताना तिचे डोळे भरून आले. त्यातही सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो रागावला नव्हता. नुसता परका झाला होता.

दोन दिवस ती कपडेपटाकडे फिरकली नाही. आईने तोंड पाहूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माफी माग. पण नुसती माफी मागून मोकळी होऊ नकोस. तुला जे करता येतं, ते त्या माणसासाठी कर.”

तिसऱ्या दिवशी ती सकाळीच गेली. भाचेबुवा कापड आणायला बाजारात गेला होता. मामा एकटेच बटणं लावत बसले होते.

“मामा, माझं चुकलं,” ती समोर बसत म्हणाली. “मी बोलले ते खोटंही होतं. अ‍ॅपमध्ये नुसती मापं आहेत. बाकीचं सगळं तुमच्याकडे आहे. मला सांगाल? या लाल कोटापासून सुरू करा.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. मग कोटाची बाही हातात घेतली, आणि बाहीनेच त्यांना आठवण करून दिल्यासारखे बोलू लागले. “हा होय? हा लंबू शिपायाचा. दुसऱ्याला देऊ नका, गुडघ्यापर्यंत जाईल. डावं तिसरं बटण सैल आहे, प्रवेशाआधी बघून घ्या. आणि खिसे तपासा. हा गडी खिशात बिस्किटं ठेवतो, मग उंदीर होतात...”

तिने फोन मधे ठेवला होता, त्यांना विचारूनच. सगळं रेकॉर्ड होत होतं. दुपारपर्यंत तिने तिथेच, शिवणयंत्राशेजारी लॅपटॉप ठेवून, अ‍ॅपमध्ये नवी सोय घातली. मग मामांच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, “आता न्या कोटाजवळ.”

मामांनी फोन नेला. टिकली वाचली गेली, आणि फोन बोलायला लागला : “हा होय? हा लंबू शिपायाचा...”

मामा दचकले. “कोण बोलतंय हे?”

“तुम्हीच.”

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. परत एकदा फोन नेला, परत ऐकलं. मग चष्मा काढून पुसला. “बरा बोलतो की माणूस,” ते म्हणाले. “आणि मी विसरलो, तर?”

“तर तुम्हालाच विचारायचं.”

“हे बेस आहे. स्वतःचं स्वतःला विचारायला लाज कसली.”

दारात कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन भाचेबुवा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने गठ्ठा खाली ठेवला, तिच्यासाठी चहा ओतला, आणि कप हातात देताना त्याची बोटं कपावर जरा जास्त वेळ राहिली. तेवढ्यावरून तिला कळलं, की परकेपणा संपला.

पुढचे दिवस मामांनी कुणाला उसंत दिली नाही. राणीचा झगा, भिकाऱ्याची कांबळी, एकेका कपड्याची हकीकत. मध्येच एखाद्या नटाची इतकी उणीदुणी काढायचे, की ती हसत हसत म्हणायची, “मामा, हे काढून टाकू का?” आणि मामा म्हणायचे, “अजिबात नाही. त्याने ऐकलं पाहिजे.”

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग दुपारचा होता. दुसऱ्या अंकात शिपायांना डोळ्याचं पातं लवायच्या आत कोट बदलायचे होते, आणि नेमकी तिथेच कोटांची सरमिसळ झाली. विंगेत एकच गोंधळ उडाला. मामा मात्र शांतपणे एकेका कोटाला फोन लावत, कानाशी धरून स्वतःचाच सल्ला ऐकत, कोट वाटत राहिले. “लंबू, इकडे ये. बिस्किटं काढ आधी.” शिपाई भाले घेऊन रंगमंचाकडे सुसाट धावले. ती नेमकी वाटेत उभी. भाचेबुवाने तिला मनगटाला धरून पडद्याच्या घडीत ओढलं. शिपाई गेले, भाले गेले, बाहेर टाळ्या पडल्या. मनगट मात्र त्याने सोडलं नाही. तिनेही सोडवून घेतलं नाही. अंक संपेपर्यंत दोघं समोर बघत राहिले... आणि नाटकात काय झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

काम संपलं. तिला दुसरं काम मिळालं, एका दवाखान्याचं. आठवडा गेला आणि फोन आला.

“टिकली वाचत नाही,” भाचेबुवा म्हणाला. “राणीच्या झग्यातली.”

ती गेली. टिकली पहिल्या फटक्यात वाचली. “तुम्ही आलात की वाचते,” तो म्हणाला. दोघांनी चहा घेतला. बराच वेळ घेतला.

मग पुन्हा फोन आला. या खेपेला तिने त्याचा मोबाइल हातात घेतला, तर टिकल्या वाचायची सेटिंगच बंद. तिने गुपचूप ती चालू केली. परतीच्या वाटेवर मात्र एकटीच हसत सुटली. समोरून येणाऱ्या कुणा अनोळखी बाईंना वाटलं आपल्यालाच, म्हणून त्याही हसल्या.

तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा ती निघण्याआधी आरशासमोर उभी राहिली. आईने हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. “तिकडे बिघाड फार होतात गं,” आई म्हणाली.

“हो ना,” ती म्हणाली. “आज कायमचा दुरुस्त करून येते.”

खोलीत दुपारचं ऊन होतं. इस्त्रीची वाफ होती. मामा खिडकीशी बसून फोन कानाला लावून आपल्याच गोष्टी ऐकत होते. तिने हात पुढे केला. “मोबाइल द्या.”

त्याने दिला. सेटिंग बंद.

“हे आपोआप बंद होत नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मागच्या वेळेलाही बंद होतं.”

“तुम्ही तेव्हाच पाहिलंत, तेही माहीत आहे,” तो म्हणाला. टेबलावरचा खडू त्याने उगाचच सरळ केला. “मग आज फोनवरच का नाही सांगितलंत — सेटिंग चालू करा म्हणून? एका वाक्याचं काम होतं.”

ऑफिसात साहेबांना गप्प करणारी ती, त्या खडूकडे बघत राहिली.

“बरं, मी सांगतो,” तो म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. “मला तुम्ही आवडता. फार. ज्या दिवशी मामांसमोर बसून त्यांना बोलतं केलंत ना... नाही, त्याच्याही आधीपासून. बोलवायला दुसरं कारण सुचत नव्हतं.”

“आणि मला यायला,” ती म्हणाली. “म्हणून नाही सांगितलं फोनवर.”

खिडकीपाशी मामा उठले. त्यांनी फोन खिशात घातला, दोघांकडे न बघता दारापर्यंत गेले आणि म्हणाले, “मी चहाला चाललोय. विसरलोय, की किती वेळात यायचं.”

दार लोटलं गेलं. दोघंही हसले, आणि हसताना केव्हातरी तिचा हात त्याच्या हातात आला.

“मग आता कारणाशिवाय बोलवलं तर चालेल?” त्याने विचारलं.

“चालेल.”

“उद्या येशील?” तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून तिथेच अडखळला.

“आज आलेय ना मी,” ती म्हणाली. “तू आधी आजचं बघ.”