सैल केलेला नट

"एजे, बादलीभर पाणी मिळेल?"

मी वर पाहिलं. शाळेच्या छपरावर, अँटेनाच्या खांबाला धरून एक उंच तरुण उभा होता. वीज पडून आमचं इंटरनेटचं यंत्र जळलं होतं; ते दुरुस्त करायला कंपनीनं त्याला नारिन शहरातून पाठवलं होतं.

"एजे काय? ताई म्हणण्याइतकी मोठी नाही, तुमच्याहून लहानच असेन मी," मी म्हटलं. "बुरुल. इथं संगणक शिकवते."

"मी तेमिर्लान. मग बुरुल... पाणी?"

त्यानं भिंतीलगत खड्डा खणून तांब्याची कांब ठोकली. खांबावरची जाड तार तिला नटानं आवळली. माती ओली राहावी म्हणून मी पाणी ओतत होते.

"याच्यानं वीज पडायची थांबेल?"

"नाही. पण तिला जमिनीत जायला वाट मिळेल. नाहीतर ती यंत्रातून जाते."

"आणि माणसांतून?"

"माणसांचं काम माझ्याकडे नाही," तो हसला. "पण बघतो..."

नंतर दोनदा तो 'तपासणीला' आला. दोन्ही वेळा यंत्राजवळ पाच मिनिटं आणि आमच्या अंगणात घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस पीत तीन तास. दुसऱ्यांदा निघताना म्हणाला, "आता तपासायला काही उरलं नाही." बाकी काही बोलला नाही. मीही नाही.

तीन आठवडे वाट पाहिली. त्याचा नंबर माझ्याकडे होता, पण आपणहून कसा फोन करायचा... एका दुपारी डोंगरावर ढग दाटले. मी पाना घेतला आणि तारेचा नट सैल केला. यंत्र जळेल, तो येईल — एवढंच डोक्यात होतं.

यंत्र जळलं. आला मात्र दुसराच, एक वयस्कर माणूस. सैल तारेचा फोटो काढत त्यानं विचारलं, "हे तेमिर्लानचं काम ना?"

लाजेनं माझं तोंड उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी तोच वयस्कर माणूस नवं यंत्र घेऊन आला. "कामावरून काढलं बिचाऱ्या तेमिर्लानला," म्हणाला. "रशियात कझानला गेला, इमारतीच्या कामावर. या महिन्यात आईला घेऊन इकडे येणार होता म्हणे, कुणा शिक्षिकेला मागणी घालायला."

त्याच दिवशी मी कंपनीला सगळं लिहून कळवलं. मग तेमिर्लानला फोन लावला.

"नट मी सैल केला होता."

पलीकडे हातोडे वाजत होते.

"का?"

"तू यावास म्हणून."

"नुसतं ये म्हणाली असतीस, तरी आलो असतो." हातोड्यांचा आवाज जरा लांब गेला. "मी रोज आठवून बघतो, बुरुल... तो नट मी नीट आवळला होता की नाही. आता कुठलंही काम करून झालं की चारदा मागे जाऊन बघतो. इथले लोक हसतात मला."

"परत ये, तेमिर्लान. मी सगळ्यांना खरं सांगितलंय."

"बरं केलंत," तो म्हणाला. "तुम्ही तब्येतीला जपा."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, तो मला 'तुम्ही' म्हणाला होता.