शब्दावर घेतलेला घास

गेल्या बारा रात्री रचनाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरात पाच वर्षांची मुलगी असली की आईची झोप तीच उडवते, असा आपला समज. पण तेजस्वी पोटभर जेवून ढाराढूर झोपत होती. जेवत नव्हते ते सासरे.

प्रल्हादबाबा ताटावर बसायचे, घास तोंडात घ्यायचे, चावायचे, चावतच राहायचे आणि शेवटी मोरीत जाऊन टाकून यायचे. "खाली उतरत नाय गं," एवढंच म्हणायचे. वसईच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिली. काही नाही. रक्त तपासलं. काही नाही. हे ऐकून माणसाला हायसं वाटावं की नाही? रचना मात्र रात्री दोन वाजता, मोबाईलचा उजेड पदराआड धरून, अन्ननलिकेचे रोग मोजत बसायची. सतरा झाले होते. आपण एम.एस्सी. झालेलो आहोत, असं वागणं आपल्याला शोभत नाही, हे तिला कळत होतं. अठरावा सापडेपर्यंत तेवढं कळणं पुरायचं.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. अल्पेश रात्रपाळीवरून फोनवर म्हणाला होता, "उन्हाळा आहे. भूक मरते म्हाताऱ्या माणसांची." बारा दिवसांत चार किलोंनी मरते का? असं विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

तर सतरा मे, शनिवार. वसईजवळच्या गास गावात रात्री साडेनऊला वीज गेली ती गेलीच. रचनाने चुलीवरची पेज वाडग्यात ओतली, कडेला लोणच्याचा खार घातला आणि ती घेऊन ओट्यावर आली. आज हे पोटात गेल्याशिवाय हलायचं नाही, असा तिचा निश्चय होता. असे निश्चय तिने आधी अकरा केले होते.

ओट्यावर मैफल जमलेली. शेजारचा ॲल्रॉय आणि त्याची बहीण जेसिका, दोघंही कॉलेजातली, घरात उकडतंय म्हणून इकडे येऊन बसलेली. तेजू तिच्या आबांच्या, म्हणजे प्रल्हादबाबांच्या, मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बाबा तीस वर्षं पोलिसात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. अंधार पडला की पोरं त्यांच्याकडून गोष्ट काढायचीच.

"अंकल, भुताची सांगा ना. खरीवाली," जेसिका म्हणाली.

"पोलिसाला भूत दिसत नाही गं," ॲल्रॉय म्हणाला. "भूतच पोलिसाला बघून पळतं. हप्ता मागतील म्हणून."

एरवी बाबांनी त्याला टपली मारली असती. त्यांनी वाडग्याकडे पाहिलं, मग अंधाराकडे.

"माज्या वळखीच्या मानसाची सांगतो," ते म्हणाले. "घडलेली हाय."

रचना "तेजू आहे इथे" म्हणणार होती. पण तेजू झोपली होती, आणि बोलता बोलता दोन चमचे गेले तर गेले. ती उंबऱ्यावर टेकली.

"शत्रुघ्न साहेब म्हनून आमचे फौजदार. तपासात असा मानूस मी बगितला नाय. नाकासमोर चालनारा. देव नाय, धर्म नाय. देवळाच्या पायरीवर बसून बूट घालनारा. दोन हजार अठरा साली, नोव्हेंबरच्या चार तारखेला, हितल्याच खाजनात, खाडीच्या खाऱ्या जमिनीत, काशिरामचा खून झाला."

काशिराम कोण ते जेसिकाला माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं. खाडीकाठचा भातशेतीवाला. रात्री डंपर येऊन खाजणात भराव टाकायचे, आणि हा एकटा कंदील घेऊन डंपरसमोर उभा राहायचा. एके पहाटे बांधावर पडलेला सापडला. डोक्यात फावड्याचा घाव. डंपरचा मालक कोण ते सगळ्या गावाला ठाऊक. सांगायला मात्र एकालाही तोंड नाही.

"साहेबांची एक पद्धत व्हती. खून झाला की दहाव्याला जायाचं, साध्या कपड्यात. कोन येतो, कोन टाळतो, कोन जास्ती रडतो. तसे आमी दोगं गेलो. खाडीच्या काठी पिंड ठेवला. उंच रानभेंडीच्या झाडावर ही कावळ्यांची जत्रा. पन खाली एक उतरंल तर शप्पत."

"मग?"

"मग काय, भावकी लागली सांगायला. भागूबाईला सांभाळू. जमीन विकनार नाय. पोरीचं लगीन लावू. एक तास झाला, दीड तास झाला. कावळे नुसते बगतात. भागूबाई, त्याची बायको, ती तर हात जोडून दगडासारखी उभी. बामन म्हनाला, आता दर्भाचा कावळा करून शिवतो. साहेब वैतागले. ऊन डोक्यावर, ठान्यात वरिष्ठ वाट बगतायत. ते पुढं झाले, बूट घातलेलेच, आनि म्हनाले, 'चल रे बाबा, पकडतो त्याला. आता जेव.'"

बाबांनी तेजूच्या अंगावरचा डास उडवला.

"लोकांना आधी हसूच आलं. आनि कावळा उतरला."

ॲल्रॉयने शीळ घातली. "कोइन्सिडन्स."

"साहेबबी तेच म्हनाले. गाडीत बसेपरेंत म्हनाले. पन भागूबाईने त्यांच्या बुटावर डोकं ठेवलं व्हतं. तवापासून ते काय हसले नाय."

त्यानंतरचं बाबांनी भराभर सांगितलं, जसं माणूस नको असलेलं औषध घेतो तसं. साहेबांनी तीन आठवड्यांत डंपरचा मालक आत घातला. तीन महिन्यांत तो जामिनावर बाहेर आला. निकोलस पाववाल्याने पहाटे सायकलवरून जाताना सगळं पाहिलं होतं. कोर्टात तो म्हणाला, धुकं होतं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलं. साहेबांची बदली झाली. तारीख पडायची, साहेब रजा टाकून यायचे, वकील आजारी असायचा. पुन्हा तारीख.

"आनि मानूस बदलला. मटन सुटलं, गळ्यात माळ आली. कुटंबी खून झाला की हा दहाव्याला पिंडासमोर जाऊन बसनार. हत्यार कुठं असंल ती एक एक जागा हळू आवाजात बोलायचा. विहीर. गोठा. पत्र्याखाली. विरारच्या एका बाईच्या दहाव्याला 'शेवग्याखाली' म्हनाला आनि कावळा झपकन उतरला. खनलं. कोयता निगाला."

"पंचनाम्यात कावळ्याची सही घेतली का, अंकल?"

"ठान्यात असंच बोलायचे. काकसाहेब म्हनायचे त्यांना." बाबा हसले नाहीत. "दोन खून सोडवले त्यांनी असे. पन काशिरामचं विचारलं की एक पन कावळा मान वळवायचा नाय. म्हनजे... तुजं काम तुला सांगून झालंय. आता तू कर."

रचनाला उगाच आठवलं, की पाच वर्षं ती 'हा घास काऊचा' म्हणत मुलीला भरवत आली होती. कोणता काऊ, कुठला, असा विचार तिने कधी केला नव्हता. करायची वेळ ही नव्हे, असंही तिने स्वतःला बजावलं.

"बाबा, पेज निवतेय," ती म्हणाली.

"हां."

वाडगा तसाच राहिला.

"दोन हजार बावीस. तेवीस सप्टेंबर, शुक्रवार. पितृपक्षातली त्रयोदशी. दुपारी निकाल लागला. निर्दोष. पेढे वाटले त्याच्या लोकांनी कोर्टाच्या दारात. साहेब निगाले भागूबाईला सांगायला. तिच्या घराच्या कोपऱ्यापरेंत गेले, माघारी आले. परत गेले, परत आले. खुन्याच्या दारात न घाबरनारा मानूस... म्हातारीच्या दारात जाईना. असे करता करता रात्रीचे दोन वाजले. शेवटी म्हनाले, उद्या सांगू. आनि गाडी वळवली खाजनाच्या रस्त्याला."

तो रस्ता रचना रोज बघायची. आता तिथे खाजण नाही. भराव, त्यावर गाळे, त्यांना निळे पत्रे.

"दोन वाजून धा मिन्टं. घड्याळ बगितलं व्हतं त्यांनी, कारन गाडी बंद पडली. पेट्रोल भरलेलं. किक मारतात, मारतात... नाय. आनि बगतात तर रस्त्याच्या कडेला कोनतरी बसलंय. पाठमोरा. मांडी घालून. पुढ्यात पत्रावळ."

जेसिकाने ॲल्रॉयचा दंड धरला.

"साहेब म्हनाले, कोन रे? उत्तर नाय. दारुडा असंल म्हनून पुढं गेले. चार पावलं. मानूस जेवत व्हता. म्हनजे... घास तोंडात घेतलेला. चावत व्हता. चावतोय... चावतोय... एक हात गळ्यावर."

बाबांचा आवाज इतका खाली गेला की ॲल्रॉय पुढे सरकला.

"साहेब तिसऱ्यांदा म्हनाले, कोन हाय? तो वळला नाय. नुसता बोलला. तोंडात घास ठेवूनच."

"काय?"

"'साहेब... तुमच्या शब्दावर जेवलो. चार वर्सं झाली... खाली उतरत नाय.'"

लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं, आणि थांबलं.

रचनाच्या हातात पेजेचा चमचा होता. तो तिने वाडग्यात ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला. तरी झाला.

"त्या रात्रीपासून साहेबांना घास जाईना. पानी जायाचं, पेज जायाची, तीबी चमचा चमचा. मुंबईला नेलं. नळ्या घातल्या, फोटो काढले. काय सापडलं नाय. असा गडी... काडी झाला. तरी अर्ज करायचा, वर लिहायचा, हायकोर्टात खेटे घालायचा. कोन ऐकतो? गेल्या महिन्यात, सव्वीस एप्रिलला, गेला."

"ओ गॉड," जेसिका म्हणाली. "आणि मग त्यांच्या दहाव्याला?"

बाबांनी मेणबत्ती जवळ ओढली.

"अंकल? कावळा शिवला?"

"दोन तास नाय शिवला. बायकोने सगळं सांगून बगितलं." त्यांनी तेजूच्या केसांवरून हात फिरवला. "मग बामनाने दर्भाचा कावळा केला. झालं. संपली गोष्ट. जावा आता, झोपा."

ॲल्रॉय उठला. जेसिका उठली नाही.

रचना मनातल्या मनात दिवस मोजत होती. सव्वीसला गेले. दहावा पाच मेला. पाच मे, सोमवार. त्या संध्याकाळी बाबा खाडीवरून परत आले होते, तिने वालाचं बिरडं केलं होतं, आणि त्यांनी पहिला घास...

सतरा रोग वाचले होते तिने. सतरा! इतकी चिडली ती, स्वतःवर की बाबांवर हे तिचं तिलाच कळेना.

"बाबा," ती म्हणाली, "दर्भाचा कावळा नाही केला ना?"

"रचना, पोरं हायत..."

"तुम्ही काय बोललात तिथे?"

ओट्यावरच्या मेणबत्तीची ज्योत एकदा वाकडी झाली, सरळ झाली.

"ऊन व्हतं," बाबा म्हणाले. लहान मुलाने सबब सांगावी तसं. "गुडघे दुखत व्हते. वहिनी रडून रडून... मी म्हनालो, जा रे शत्रुघ्ना. मी बगतो त्या डंपरवाल्याचं. जेव."

"आणि उतरला."

"माज्या पायाजवळून गेला."

"अहो, पण कशाला?" तिचा आवाज चढला. "तुम्ही निवृत्त आहात! तुमच्याकडे ना फाईल, ना साक्षीदार. तो माणूस कुठे राहतो ते तरी..."

"मला म्हाईत नाय का ते?" बाबाही ओरडले. "बारा दिस मी काय बसून हाय? ठान्यात गेलो, चा पाजला नि हाकललं. निकोलसकडं गेलो, त्याने दार लावलं. मी काय करू? सांग ना, तू शिकलेली हायस. काय करू मी?"

आणि ते रडू लागले. चौसष्ट वर्षांचा माणूस, आवाज न करता, तोंड वासून. रचनाने त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. पुढे व्हावं की मागे, तिला कळेना.

तेजू उठून बसली.

ती कधीपासून जागी होती कोण जाणे. झोपेतून उठल्यावर ती किरकिर करायची, डोळे चोळायची. यातलं काही केलं नाही. आबांचा ओला गाल तिने तळव्याने पुसला.

"रडू नका, आबा," ती म्हणाली. "मी पकडते त्याला. तुम्ही जेवा."

वारा नव्हता.

मेणबत्ती विझली.

कुंपणापलीकडच्या अंधारात, अकरा वाजून वीस मिनिटांनी, एक कावळा ओरडला. एकदाच.

रस्त्यावरच्या दिव्यांना फसून कावळे रात्रीही ओरडतात, हे रचनाने कुठेतरी वाचलं होतं. रस्त्यावर दिवे नव्हते. वीज गेलेली होती.

मग आवाज आला. चमचा वाडग्याला लागल्याचा. पुन्हा. पुन्हा. जेसिकाने मोबाईलचा उजेड केला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

बाबा जेवत होते. चमचा टाकून वाडगा तोंडाला लावला. घटाघट. बारा दिवसांची भूक. गळ्याची घाटी वर जात होती, खाली येत होती, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. वाडगा रिकामा झाला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी तो खाली ठेवला. सुनेकडे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

"रचना..." ते म्हणाले. "मी नाय गं... मी तिला नाय सांगितलं..."

रचनाने मुलीला उचललं. इतकं घट्ट, की तेजूने हुं केलं.

"तेजू, ऐक. म्हण, मी नाही पकडणार."

"का?"

"म्हण आधी. मोठ्याने म्हण. मी लहान आहे, मी गंमत केली, मी नाही पकडणार. म्हण, बाळा. आई सांगतेय ना?"

तेजूने आईच्या खांद्यावरून कुंपणाकडे पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिली. मग समजूत घालावी तसा तिने आईच्या गालाला हात लावला.

"आता कुणाला सांगू?" ती म्हणाली. "तिथे जेवत बसले होते ते काका हो म्हणाले आणि गेले पण."