कार्बनखालच्या अकरा प्रती

ज्याला थापा वाटतील त्याने इथेच थांबावं. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. सरकारी इस्पितळाच्या नोंदणी खोलीत, भरदुपारी.

मामा तिथे मृत्यूचे दाखले टाइप करायचे. वरची प्रत दप्तरात, कार्बनखालची नातेवाइकांना, अशी पद्धत.

आदल्या दिवशी चौकात निवडणुका मागणाऱ्या पोरांवर गोळ्या झाडल्या होत्या. अकरा गेले. साहेबांनी यादी टेबलावर आपटली.

"कारण सगळ्यांचं एकच. हृदयविकार."

"साहेब, हा एकोणीस वर्षांचा आहे."

"तुमची मुलगी कॉलेजला जाते ना? टाइप करा."

मामांनी दातओठ खाल्ले. पण टाइप केलं.

दुसऱ्याच दाखल्याला जाणवलं... एक बटण दाबलं की दोन ठोके पडत होते.

त्यांनी हात थांबवला.

आणखी एक ठोका पडला...

खोलीत दुसरं मशीन नव्हतं.

साहेबांनी वरच्या प्रती बारकाईने तपासल्या. खालच्यांवर नेहमीसारख्या, न बघताच सह्या ठोकल्या आणि गेले.

खिडकीबाहेर एक आई उभी होती. मामांनी खाली मान घालून तिला कागद दिला.

ती बराच वेळ वाचत राहिली...

"भाऊ, तुम्ही तरी खरं लिहिलंत."

मामांनी कागद परत घेऊन पाहिला. मृत्यूचे कारण : पाठीत गोळी. खाली साहेबांची सही, शिक्का.

उरलेल्या दहाही पाहिल्या.

पाठीत. पाठीत. मानेत. पाठीत...

पळणाऱ्या पोरांना मारलं होतं त्या हरामखोरांनी!

त्या प्रतींना काडी लावून मोकळं होता आलं असतं. मामांनी अकराही वाटल्या. संध्याकाळपर्यंत त्या शहरभर झाल्या आणि मामांना उचललं.

"कुणी टाइप केलं?"

"मी."

दोन वर्षं आत होते. मुलीचं कॉलेज सुटलं. साहेबांना बढती मिळाली.

आता लोक मामांना बघून उठून उभे राहतात. मामा भडकतात. परवा मीही म्हणालो, "मामा, तुम्ही ग्रेट आहात."

"गप्प बस. मी हृदयविकारच लिहिलं होतं. अकरा वेळा. खरं ज्यांनी लिहिलं, त्यांनी मेल्यावरही माझी लाज राखली."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते...

मागे भिंतच होती. मी दोनदा वळून पाहिलं.